उचल घेतली म्हणजे माणूस विकला का?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. गावोगावच्या बैठकांत वाचून दाखवावा.)



आपल्या मेळाव्यात कापसाचा भाव, वीजबिल, कर्जवसुली हे विषय कधी चुकत नाहीत. आज मी जो विषय घेतला आहे तो ऐकून काही जणांना वाटेल, याचा आपल्याशी काय संबंध? विषय आहे माणसाला बांधून काम करून घेण्याचा. वेठबिगारीचा, गुलामीचा. तो आपला आहे की नाही हे शेवटी तुम्हीच ठरवा. पाडव्याला सालदार ठरवताना आपण एक उचल देतो. दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघताना आपल्यातलेच काही जण मुकादमाकडून एक उचल घेतात. या दोन्ही उचलींचा हिशेब आज करायचा आहे.

सुरुवात मुंबईपासून करतो. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत रोज सकाळी मजुरांचे नाके भरतात. तिथे एकदा जाऊन उभे राहा. कोणाजवळ थापी, कोणाजवळ घमेले-फावडे, बायांच्या पिशवीत भाकरी. ठेकेदार येतो, बैलबाजारात फिरावे तसा फिरतो, बोट दाखवतो आणि चार माणसे टेम्पोत चढतात. ऊन चढेपर्यंत ज्यांना कोणी नेले नाही, ते भाकरी तशीच बांधून झोपडीकडे परत जातात. बोली कानावर पडली की कळते, हा जालन्याकडचा, ती परभणीची, हा सोलापूरचा. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी गाव सोडले त्यांची नातवंडेही तिथे भेटतील. कोणाची गावाकडे दोन एकर कोरडवाहू आहे, कोणाची तीही नाही.

या माणसाला कोणी बांधलेले नाही. आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. पटले नाही तर तो नाही म्हणू शकतो. फक्त संध्याकाळी चूल पेटत नाही. कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिला खंड १८६७ साली निघाला. त्यात त्याने या माणसाचे वर्णन केले आहे. तो म्हणतो, भांडवलाला जो मजूर लागतो तो दोन अर्थांनी मोकळा असतो. तो कोणाच्या मालकीचा नसतो, म्हणून मोकळा. आणि जमीन नाही, औत नाही, घरात दाणा नाही, म्हणूनही मोकळा. आपल्या भाषेत सांगायचे तर हातही मोकळे आणि कणगीही मोकळी. दावे लागत नाही. भूकच त्याला कामावर आणून उभा करते.

आता त्याच नाक्यावरच्या टेम्पोमागे जा. मुलुंडला एखादी इमारत उभी राहते आहे. नाक्यावरचा गडी तिथे विटा वाहतो. पण त्या विटा आल्या कुठून? भिवंडी, वाडा, वसई या भागांत वीटभट्ट्या आहेत. त्यांवर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे राबत आली आहेत. भट्टीवाला पावसाळ्यात त्यांना उचल देतो. घरात दाणा नसतो, सण असतो, आजारपण असते, तेव्हाच देतो. मग पाऊस उघडला की नवरा, बायको, पोरे सगळी भट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळते, ती हिशेबात धरली जाते. हंगाम संपला की वही उघडते आणि वही म्हणते, अजून फिटले नाही, पुढच्या वर्षी या. मधेच दुसऱ्या भट्टीवर गेला तर माणसे पाठवून परत आणतात.

म्हणजे भिंत एकच. तिच्यातली वीट बांधलेल्या मजुराने पाडली आणि ती वर चढवली मोकळ्या मजुराने. पैसा बिल्डरचा, फ्लॅट विकला जातो बाजारभावाने. आता सांगा, यातले भांडवलशाहीचे काम कोणते आणि जुन्या जमान्याचे कोणते?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. आपल्या देशात यावर मोठा वाद झाला आहे. बऱ्याच डाव्या पुढाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी वर्षानुवर्षे असे धरले की वेठबिगारी, सालदारी, उचल हे सगळे सरंजामशाहीचे उरलेले शेपूट आहे. कारखानदारी वाढली, बाजार आला, पैशाचा व्यवहार आला की ते आपोआप गळून पडेल. १९७० नंतर मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हा वाद बरीच वर्षे चालला. दुसऱ्या बाजूने टॉम ब्रास नावाचा अभ्यासक म्हणाला, हे शेपूट नाही, हा भांडवलाचाच हात आहे. मजूर डोके वर काढायला लागला, जास्त मजुरी मागायला लागला, की भांडवल त्याला उचलीने पुन्हा बांधते. दक्षिण गुजरातेत आयुष्यभर फिरून अभ्यास केलेल्या यान ब्रेमन यांनी याला नवी वेठ म्हटले. जुन्या वेठीत मालक निदान उपासमारीत दाणा देत असे, तो बांधील होता. नव्या वेठीत बांधलेला फक्त मजूर. हंगाम संपला की मालक मोकळा.

कोण खरे? पुस्तकातून ठरवू नका. मुंबईच्या दाराशीच घडलेली गोष्ट बघा.

बोरिवलीच्या पुढे लोकल वसई, विरार करीत आता डहाणूपर्यंत जाते. डहाणू, तलासरी हा वारल्यांचा मुलूख. आज तो पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तिथल्या वारल्यांच्या जमिनी एकोणिसाव्या शतकात सावकारांच्या आणि जमीनदारांच्या घशात गेल्या. वारली आपल्याच शेतात कूळ झाला. त्याखाली आणखी एक पायरी होती, लग्नगडी. पोराने लग्नापुरते कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या घरी राबायचे. नवऱ्याबरोबर बायकोही बांधली जायची. कर्ज फिटायचे कधीच नाही, कारण हिशेब सावकाराच्या वहीत. मारझोड आणि बायांची अब्रू लुटणे, याला दाद ना फिर्याद.

आता म्हणाल, हे तर जुनेच झाले, सरंजामशाहीच झाली. पण वारल्यांकडून काम कोणते करून घेत? जंगलातला माल आणि गवत. हे गवत जमीनदाराची गुरे खात नव्हती. ते कापून, दाबून, गठ्ठे बांधून आगगाडीने मुंबईला जायचे, तबेल्यांतल्या म्हशींसाठी. मुंबईकराच्या चहात जे दूध पडे, त्यात वारल्याची वेठ मिसळलेली होती. माल बाजाराचा, नफा रोख, मजूर मात्र बांधलेला. बाजार आल्याने वेठ गेली नाही. बाजार आला म्हणून वेठीला जास्त भाव आला.

ती गेली ती माणसे उठली म्हणून. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या कामात होते. काही वारली परिषदेला गेले, परत येऊन त्यांनी पाड्यापाड्यावर सांगितले. मे महिन्यात झरीच्या सभेत ठराव झाला, वेठ करायची नाही. लग्नगडी सावकारांच्या घरून निघून आले. मग गवताच्या हंगामात त्यांनी मजुरी मागितली, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांच्याबरोबरचे चार जण मेले. वारली मागे हटले नाहीत. लाल बावट्याशी आपले शंभर मतभेद असतील, पण या लढ्याचे श्रेय त्यांचे आहे, ते मोकळेपणाने दिले पाहिजे.

तरीही गोष्ट तिथे संपली नाही. बोरिवलीपासून तासाभराच्या वसई तालुक्यात स्वातंत्र्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनीही लग्नाच्या कर्जापायी बांधलेले आदिवासी सापडले. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी त्यांच्यात काम केले, १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि माणसे सोडवली गेली. मुंबईच्या उंच इमारती दिसतील इतक्या जवळ हे चालू होते.

आता कापसाकडे येतो. तुम्ही म्हणाल, गवत-विटांचे ठीक, आमचे काय? भावांनो, गुलामीचे आणि कापसाचे नाते तर सगळ्यात जुने आहे. १८६० साली अमेरिकेच्या दक्षिण भागात चाळीस लाखांच्या आसपास निग्रो गुलाम होते. त्यांतले कित्येक लाख कापसाच्या शेतात होते. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथून येई. जगातली सगळ्यात आधुनिक यंत्रे चालत होती ती चाबकाखाली वेचलेल्या कापसावर. मार्क्सने १८४७ सालीच लिहून ठेवले होते की इंग्रजी कारखानदारीचा पाया या गुलामीवर आहे. म्हणजे मार्क्सला हे ठाऊक होते. विसर पडला तो त्याच्या नंतरच्यांना.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. कापूस येणे थांबले, गिरण्या बंद पडल्या, लँकेशायरचे कामगार उपाशी राहिले. ‘गुलामांच्या मालकांशी तडजोड करा, कापूस येऊ द्या’ असे त्यांनी म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता. पण ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामीच्या विरोधात अब्राहम लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठवले. पुढच्याच महिन्यात लिंकनने त्यांना उत्तर पाठवून आभार मानले. स्वतःची चूल विझलेली असताना दुसऱ्याच्या बेड्या तुटाव्यात म्हणून उभे राहिलेली ही माणसे. ही गोष्ट मनात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्याच वेळी मुंबईत काय चालले होते? अमेरिकेचा कापूस अडला म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कित्येक पटींनी भाव आला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा जुगार सुरू झाला. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या. शेतकऱ्याच्या हाती राहिले काय? चढत्या भावाच्या भरात सावकाराने दिलेले कर्ज आणि चढलेला सारा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. नगर जिल्ह्यातही तेच झाले. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

याच दख्खनच्या शेतकऱ्यावर जयरस बानाजी यांनी १९७७ साली एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे सोपे करून सांगतो. सावकाराचे कर्ज घेऊन, त्याच्या सांगण्याने पीक पेरून, पीक त्यालाच घालणारा शेतकरी कागदावर मालक असतो. पण वर्षाच्या शेवटी त्याच्या हाती जे उरते ती खरे तर मजुरी असते. नाव व्याजाचे, पण काढून नेलेला असतो त्याच्या मेहनतीचा वरकड. अमेरिकेतही हेच झाले. डिसेंबर १८६५ मध्ये घटना बदलून गुलामी बंद झाली. मग मोकळा झालेला काळा माणूस वाट्याने जमीन करू लागला. दुकानदार उधारी देई, पण अट घाली की कापूसच लाव आणि मलाच घाल. चाबूक गेला, वही आली.

आता स्वतःकडे बघा. कृषी केंद्राच्या दुकानातून बी, खत, औषध उधारीवर घेतले आणि कापूस त्याच्याच ओळखीच्या खेड्यावर, तो सांगेल त्या भावाने घातला, असे इथे किती जण आहेत? हात वर करू नका, मला माहीत आहे. आणि १९७२ पासून कितीतरी वर्षे या राज्यात एकाधिकार खरेदीचा कायदा होता. कापूस मी पिकवायचा, पण विकायचा सरकारलाच. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेवर गाडी अडवली जायची. आपण त्याविरुद्ध उभे राहिलो ते याचसाठी, की आपल्या घामाचा माल हवा तिथे विकता येत नसेल तर तो शेतकरी मोकळा नाही.

इथपर्यंत तुम्ही टाळ्या वाजवाल. पुढचे ऐकताना जरा जड जाईल.

आपल्यातला दोन-तीन एकरवाला ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कारखान्याकडून पैसे घेतो, त्यातली उचल यांना देतो. एक दिवस ताप आला, काम पडले, तर खाडा लागतो. ती बाई बाळंतपणानंतर पोर पाचटात निजवून मोळी बांधते, कारण उचल फिटायची आहे. तिथे आपण उचल घेणारे असतो, आणि मुकादमाला शिव्या देतो.

आणि गावात? गावात आपण उचल देणारे. सालदाराने पोरीच्या लग्नाला, आईच्या दवाखान्याला पैसे घेतले. साल संपले, फिटले नाही, दुसरे साल धरले. मधेच तो शेजारच्या गावात जास्त पैशावर जातो म्हणाला, तर आपण काय म्हणतो? ‘माझे पैसे ठेव आणि मग जा.’ त्याच्याजवळ ठेवायला पैसे नाहीत हे आपल्याला माहीत असते. त्याच्या बायकोने वेचणीला आधी आपल्याच शेतात यायचे, कमी दराने. हेही ठरलेले असते, न बोलता. मुकादमाच्या वहीत आणि आपल्या वहीत फरक काय?

म्हणून मी चार प्रश्न काढले आहेत. कोणताही माणूस मोकळा आहे की बांधलेला हे त्यावरून तपासा.

१) त्याला काम सोडून जाता येते का?
२) दुसऱ्याकडे काम करता येते का, किंवा माल दुसऱ्याला विकता येतो का?
३) मजुरी किंवा भाव ठरवताना त्याचे काही चालते का?
४) हिशेब त्याला बघता येतो का, की तो दुसऱ्याच्याच वहीत?

हे प्रश्न आपल्या स्वतःला लावा आणि आपल्या सालदारालाही लावा. मी असे म्हणत नाही की कर्जबाजारी शेतकरी आणि बांधलेला मजूर एकच. आपल्याजवळ सातबारा आहे, त्याच्याजवळ तोही नाही. पण दोघांना बांधणारी दोरी एकच आहे. गरजेच्या वेळी दिलेला पैसा आणि कधी न संपणारा हिशेब.

मला ठाऊक आहे, मागून कोणीतरी म्हणेल, ‘उचल दिली आणि ऐन वेचणीत गडी पळाला, तर आम्ही मरायचे का?’ प्रश्न खरा आहे. नुकसान खरे आहे. त्याला माझे उत्तर असे. पैसे दिले असतील तर ते पैशाचे येणे आहे, पैशासारखे वसूल करा, हप्ते बांधा. माणूस तारण नाही. बँक आपली जप्ती आणते तेव्हा आपण म्हणतो ना, बैल आणि भांडी नेऊ नका? मग गड्याचे हातपाय तरी कसे अडकवता? दुसरे, उत्पादनखर्चाला धरून भाव मिळाला तर चांगली मजुरी देता येईल, हे आपण नेहमी म्हणतो आणि ते बरोबर आहे. पण भाव मिळेपर्यंत गड्याने बांधलेले राहावे, असा त्याचा अर्थ नाही. तसे म्हटले तर कारखान्यात आणि आपल्यात काही फरक उरत नाही.

कायदाही माहीत असू द्या. घटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. माणूस बांधून ठेवणारे कर्ज या कायद्याने रद्दच होते, ते फेडावे लागत नाही. बांधून ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सोडवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आहे, जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या असायला हव्यात. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे हीसुद्धा वेठच. पोटाची सक्ती ही सक्तीच आहे. नाक्यावरच्या मोकळ्या माणसाबद्दल मार्क्स जे म्हणाला, ते इथे कोर्टाने कायद्यात बसवले.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. दहा वर्षांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याचा कैवार घेणाऱ्या पहिल्या माणसाला गुलामी आणि शेतकऱ्याची लूट हे दोन विषय वेगळे वाटले नाहीत. कर्जमुक्ती मागायला आपण रस्त्यावर बसतो तेव्हा त्यांचेच नाव घेतो.

तर प्रत्येक गावच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. सालदाराचा आणि उचलीचा हिशेब दोन वह्यांत, एक त्याच्याकडे. साल संपले की गडी मोकळा, बाकी असली तरी, बाकीचे हप्ते वेगळे. आणि ऊसतोडीला, वीटभट्टीला, मुंबईच्या नाक्यावर गेलेल्या आपल्या गावच्या माणसांची यादी करा. कोण कोणत्या मुकादमाबरोबर गेले, किती उचल घेतली, परत आले की नाही. कोणी अडकले असेल तर जिल्हाधिकाऱ्याकडे गावाने जायचे, एकट्या घरच्यांनी नाही.

मँचेस्टरच्या उपाशी कामगारांनी जे केले त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही. पण पाडवा जवळ आला आहे. सुरुवात आपापल्या वाड्यातून करू.